दैवशालाच्या बेचाळीस विहिरी

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाबूने फॉर्म एकदा वरून वाचला, एकदा खालून वाचला आणि खिडकीतून विचारलं, "मुलगी कुठंय? सही तिची लागते."

"मुलगी आठवीत हाय," दैवशाला म्हणाली. "ॲडमिशन मी घेऊन राह्यले."

बाबूने तेव्हा कुठे मान वर केली. समोर छत्तीस वर्षांची बाई उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बारावीचा मार्कमेमो. तो अठरा वर्षं ट्रंकेत राहून घडीवर फाटला होता आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली होती. मागे तिचा नवरा पुंजाराम मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत भिंतीवरच्या नोटिसा वाचत होता, म्हणजे वाचल्यासारखं करत होता. बाबूने त्याच्याकडे पाहिलं. पुंजाराम म्हणाला, "तिलाच इचारा. मला ह्यातलं काही कळत न्हाई."

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबडच्या त्या कॉलेजात त्या साली पर्यावरण अभ्यासाचा नवीन पदवी कोर्स सुरू होणार होता. होणार होता म्हणजे, पंधरा पोरं भरली तर. जुलैचा शेवटचा आठवडा आला तरी तेराच नावं होती. कोर्स मागून आणणारे कल्याण सर भूगोल शिकवायचे. स्टाफरूममध्ये लोक त्यांना म्हणायचे, झाडं लावायला डिग्री कशाला पाहिजे? सर उत्तर देत बसायचे नाहीत. स्कूटर काढायचे आणि गावोगाव फिरायचे. असेच ते अंकुशनगरच्या अलीकडे महामार्गापासून आत असलेल्या खडकवाडीत आले, चहाच्या टपरीपुढे उभे राहिले आणि जमलेल्या चार-सहा जणांना त्यांनी विचारलं, "तुमची गावविहीर मार्चात कामून आटते?"

मग काय, जो तो सांगायला लागला. कोणी म्हणालं पाऊस कमी झाला, कोणी म्हणालं उसाने पाणी ओढलं. पण बहुतेकांचं बोट एकाच माणसाकडे गेलं. भुजंग. त्याचा बोअर विहिरीपासून शंभर पावलांवर होता आणि तो घेतल्यापासूनच विहिरीचं पाणी बसलं, असं गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"कोणी मोजलंय का?" सरांनी विचारलं.

मोजलं कोणीच नव्हतं. दैवशाला शेतातून परत येताना नवऱ्यासोबत टपरीशी थांबली होती. सर सांगत होते, की ह्या एका प्रश्नाला पाच मास्तर लागतात. जमिनीखालचं भूगोलवाला सांगेल, पाण्यात काय आहे ते रसायनवाला, झाडाला किती लागतं ते वनस्पतीवाला, कोणाला किती मिळतं आणि कोणाला नाही ते अर्थशास्त्रवाला. आणि म्हाताऱ्या माणसांना काय आठवतं ते लिहून घ्यायला मराठीच्या मॅडम. पाचही जण एकाच वर्गात, एकाच प्रश्नावर शिकवणार. दैवशालाला कोर्सचं नाव काही फारसं कळलं नाही. प्रश्न मात्र तिच्या डोक्यात बसला. गावात येऊन अठरा वर्षं झाली, गेली चार-पाच वर्षं दर मार्चात विहीर आटताना पाहिली, दर मार्चात भुजंगला शिव्या ऐकल्या, आणि आपणही कधी विचारलं नाही की हे कशावरून.

घरी सासरे तातेराव ओसरीवर बसले होते. तिने सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"डिग्री घेऊन काय करणार?"

"ते अजून माहीत न्हाई, मामा. पण शिकणार हे नक्की."

तातेराव हे गावात मान असलेलं माणूस. मोठ्या दुष्काळात टँकर येईनासे झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या मळ्यातून सबंध गावाला दोन महिने पाणी दिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या शब्दापुढे कोणी शब्द काढायचं नाही. दैवशालाला वाटलं होतं नाही म्हणतील. ते म्हणाले, "जा. पण मोसंबीच्या तोडणीला घरी पाहिजेस. तेव्हा कॉलेज-बिलेज काही ऐकणार न्हाई."

चौदावी दैवशाला. पंधरावा विद्यार्थी शेवटच्या दिवशी संध्याकाळी मिळाला आणि कोर्स सुरू झाला.

वर्गाला खोली नव्हती. जुन्या प्रयोगशाळेचं सामान ठेवायची जागा रिकामी करून तिथे चार बाकडी टाकली. पोरं सगळी अठरा-एकोणीसची, दैवशालाला काकी म्हणायची. एक शिखा तेवढी ताई म्हणायची. शिखाच्या वडिलांचं, नवलकिशोरांचं, अंबडमध्ये बियाणं आणि खताचं दुकान. घर मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच गेल्या. तिला दुकानात बसायचं नव्हतं आणि पुण्याला घरचे पाठवत नव्हते, म्हणून ती इथे. दोघींची जोडी कशी जमली हे वर्गाला कळलं नाही. शिखाला विळा धरता येत नव्हता आणि दैवशालाला रेणूसूत्र.

पहिल्या सत्रात दैवशाला रसायनशास्त्रात नापास झाली. निकाल लागला त्या दिवशी ती वर्गात बसून राहिली. गावात ही बातमी कशी पोहोचेल, कोण काय म्हणेल, हे सगळं तिला दिसत होतं. आणि झालंही तसंच. टपरीवर कोणीतरी म्हणालं, म्हातारपणी पाटी घेतल्यावर दुसरं काय होणार. पुंजारामने ते घरी येऊन सांगितलं, तिला लागावं म्हणून नव्हे, सवयीने. दैवशालाने भाकरी उलटली आणि म्हणाली, "पुढच्या खेपेला पास झाले की ते पण सांगा टपरीवर."

मग तिने वेळ कोरून काढायला सुरुवात केली. सकाळी धारा काढताना सूत्रं म्हणायची. दुपारी तास संपले की शिखा तिला अर्धा तास फळ्यावर शिकवायची. इंग्रजी शब्द अडले की घरी मुलगी प्रियदर्शनी उच्चार सांगायची, वर चूक झाली की मास्तरणीसारखी पुन्हा म्हणायला लावायची. दुसऱ्या खेपेला दैवशाला पास झाली. मार्क काठावरचेच होते. पुंजारामने टपरीवर सांगितलं की नाही हे तिने विचारलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. पंधरातली सहा पोरं गळाली. कोणी पोलीस भरतीला गेलं, कोणाचं लग्न झालं. उरलेल्या नऊ जणांना तिसऱ्या वर्षी कल्याण सरांनी दोघा-तिघांचे गट करून एकेक गाव घ्यायला सांगितलं. एक गाव, एक प्रश्न, पूर्ण वर्षभर. दैवशाला आणि शिखाने खडकवाडी घेतली. प्रश्न तोच, सरांनी टपरीपुढे विचारलेला.

गावाच्या शिवारात बेचाळीस विहिरी निघाल्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजायचं. एक लांब टेप, त्याच्या टोकाला लोखंडी नट बांधलेला. नट पाण्याला लागला की हाताला कळतं. शिखा स्कूटीवर यायची, पहिल्या महिन्यात दोनदा चिखलात पडली, तिसऱ्या महिन्यापासून दैवशालाच्या आधी बांधावर उभी असायची.

गावविहिरीजवळ चांगुणाबाईचं घर. विहिरीवरूनच टाकीत पाणी चढायचं आणि टाकीतून त्या आळीच्या नळाला यायचं. विहीर आटली की पहिला नळ चांगुणाबाईचा कोरडा पडायचा. दोघींना टेप सोडताना पाहून ती दारातून म्हणाली, "माप घेऊन राह्यल्या? विहिरीला झंपर शिवायचा का काय?"

"शिवायचा हाय," दैवशाला म्हणाली. "मापात बसला तर उन्हाळाभर टिकंल."

चांगुणाबाई हसली, पण पुढच्या वेळेपासून त्या येण्याआधी विहिरीवरचं झाकण स्वतः सरकवून ठेवायला लागली.

मराठीच्या मॅडमनी सांगितलं होतं, जुन्या माणसांकडून विहिरीच्या आठवणी लिहून आणा. दैवशालाने घरापासूनच सुरुवात केली. तातेराव खुशीत आले. गावविहीर खोदली तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते, माती वाहायला होते. "सहा परस विहीर," ते म्हणाले. परस म्हणजे माणसाने उभं राहून हात वर केला की भरते तेवढी उंची. शिखाने ते लिहून घेतलं. "वर मुरूम, मंग मांजऱ्या दगड, मऊ, कुदळीनं निघायचा. खाली काळा दगड लागला तेव्हा सगळे हबकले. सुरुंग लावले. आन् उत्तरेच्या अंगाला दगडात एक भेग निघाली, हात जाईल एवढी. तिच्यातून असं पाणी आलं की खालची माणसं जल्दी वर काढावी लागली. आजबी विहिरीला जे पाणी हाय ते त्या भेगेचं."

दैवशालाने हे जसंच्या तसं लिहिलं. हे किती महत्त्वाचं आहे हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं. सांगणाऱ्यालाही नाही.

जानेवारी लागला. बाकीच्या एकेचाळीस विहिरी पाऊस थांबल्यापासून सावकाश उतरत होत्या, एका चालीने. गावविहीर मात्र मध्येच धाडकन उतरायची, मध्येच थबकायची. दोघींना वाटलं आपलंच मोजमाप चुकतंय. म्हणून गावविहीर त्यांनी रोज मोजायला घेतली. आणि त्याच महिन्यात नाल्यापलीकडची शेतीची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. नऊ दिवस त्या भागातल्या एकाही मोटारीला वीज नव्हती. गावच्या टाकीची लाइन वेगळी, ती रोजच्यासारखी चालू होती, पाणी रोजच्याएवढंच उपसलं जात होतं. तरी त्या नऊ दिवसांत गावविहीर दीड फूट चढली. नवी डीपी बसली आणि चार दिवसांत ते दीड फूट गेलं.

शिखाने आकडे दोनदा तपासले. कल्याण सरांनी तिसऱ्यांदा तपासले. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "एकदा घडलं म्हणून खरं धरायचं न्हाई. त्या डीपीवर किती बोअर हायेत?"

"पाच. भुजंगभाऊंचा विहिरीच्या बाजूला. बाकी चार उत्तरेच्या अंगाला."

"मंग एक एक बंद ठेवून बघा. दोन दोन दिवस."

ऐन हंगामात दुसऱ्याचा बोअर दोन दिवस बंद ठेवायला सांगणं सोपं नव्हतं. दैवशाला आधी भुजंगकडे गेली. भुजंग गोठ्यात होता. त्याने तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन दिवस कशाला वैनी, चार दिवस ठेवतो. पण जे निघंल ते लोकायसमोर सांगा. आमच्या पोरीच्या लग्नात अर्धं गाव जेवायला आलं नव्हतं, ह्या विहिरीपायी."

चार दिवस त्याचा बोअर बंद राहिला. दैवशाला रोज पहाट उजाडताना टेप सोडायची. विहिरीला काही फरक पडला नाही. ती रोज जशी उतरत होती तशीच उतरत राहिली. मग उत्तरेकडचे तीन बोअर झाले, एकामागून एक. एका शेतकऱ्याने आढेवेढे घेतले तेव्हा शिखाने त्याला आपल्या वडिलांच्या दुकानात नेऊन चहा पाजला आणि कबूल करून घेतलं. त्या तिघांनीही काही फरक पडला नाही.

राहिला एक. नाल्याच्या पलीकडे, विहिरीच्या थेट उत्तरेला, चारशे पावलांवर, मोसंबीच्या बागेत.

शिखा टेप गुंडाळत होती. "ताई, आता तुमचा."

"माहीत हाय," दैवशाला म्हणाली.

तिला ते आठवडाभर माहीत होतं. भेग उत्तरेला, असं तातेरावांनी स्वतः सांगितलं होतं, आणि त्याच भेगेच्या रेषेत त्यांचा बोअर होता. आपला बोअर तिने शेवटी ठेवला होता तो मुद्दामच, आणि त्याची तिला लाज वाटत होती. संध्याकाळी तिने पुंजारामला सांगितलं. बाग फुलावर होती, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार धरलेला. फुलं असताना पाणी तोडणं म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. पुंजाराम उठला आणि जाऊन स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात घालून आला.

दोन दिवसांत विहीर चार बोटं चढली. तिसऱ्या दिवशी मोटार चालू केली, संध्याकाळपर्यंत चार बोटं उतरली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच झालं.

"रिपोर्टात बोअर क्रमांक पाच एवढंच लिहायचं," कल्याण सरांनी सांगितलं. "कोणाच्याच रिपोर्टात नावं नसतात. तुमच्यावर कसलीही सक्ती न्हाई, दैवशालाताई."

रिपोर्टाचं ठीक होतं. पण निष्कर्ष गावाला सांगायचे हा कोर्सचा नियम होता, आणि सरपंचांनी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मारुतीच्या सभामंडपात बैठक ठेवली होती. गाव क्रमांक ऐकून घेणार नव्हतं.

बैठकीच्या तीन दिवस आधी, सकाळी, सासरे बागेत ठिबकच्या नळ्या पाहत होते तिथे दैवशाला गेली. तिने काही मागे ठेवलं नाही. डीपी जळाली तिथपासून चार बोटांपर्यंत सगळं सांगितलं. वहीसुद्धा पुढे केली. त्यांनी वहीला हात लावला नाही.

"गावाला पाणी म्या दिलं," तातेराव म्हणाले. "दोन महिने. माझी बाग वाळवली."

"ते कोणी इसरलं न्हाई, मामा."

"मंग आता सांगणार, तातेरावानं गावचं पाणी पळवलं?"

"असं न्हाई सांगणार. भुजंगभाऊंच्याच साली आपण बोअर घेतला तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, तुम्हाला न्हाई, मला न्हाई. आता माहीत झालं, एवढंच."

"नाव घेऊ नको."

दैवशालाने पदर डोक्यावर सारखा केला. सासऱ्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. "मी नाव न्हाई घेतलं तर लोक भुजंगभाऊचं घेतील. सात वर्षं घेऊन राह्यले. त्यांच्या बोअरानं विहिरीला काही होत न्हाई, हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय. माहीत असून गप कशी बसू?"

तातेराव वळले आणि झाडांच्या ओळीतून चालत गेले. त्या दिवशी त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुंजाराम दोघांच्या मध्ये सापडला. तो म्हणाला, "दोन महिने थांब. परीक्षा होऊ दे, मंग सांग."

"दोन महिन्यांत विहीर आटते."

"मी तुला अडवून न्हाई राह्यलो. फक्त म्हणालो."

"आयकलं मी. पण थांबणार न्हाई."

बैठकीला गर्दी झाली, कारण भुजंगची खोड मोडणार अशी गावाला आशा होती. शिखाने पांढऱ्या कापडावर रंगाने विहिरीच्या पातळीची रेघ काढून आणली होती आणि ते कापड दोन खांबांना बांधलं होतं. आधी ती बोलली. विहिरींच्या पाण्याचे नमुने कॉलेजात तपासले त्यात काय काय सापडलं, कोणत्या विहिरीत खताचा अंश जास्त, कोणत्या घरांनी ते पाणी पिऊ नये. लोकांनी ऐकलं. मग दैवशाला उठली. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक लागला की मागून कोणीतरी मोठ्याने बोल म्हणालं. तिने रेघेवर बोट ठेवून डीपी जळाली ते नऊ दिवस दाखवले. मग एकेक बोअर बंद केल्याचे दिवस.

"पहिला बोअर भुजंगभाऊंचा. चार दिवस बंद होता. ही रेघ बघा, काही फरक न्हाई. दुसरा, तिसरा, चौथा, काही फरक न्हाई. पाचवा बंद ठेवला, विहीर चढली. चालू केला, उतरली. दोनदा करून पाह्यलं."

"पाचवा कोणाचा?" सरपंचांनी विचारलं.

"आमचा," दैवशाला म्हणाली.

भुजंग खांबाला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला. कापडावरच्या आपल्या चार दिवसांकडे त्याने नीट पाहून घेतलं आणि तो खाली बसला. शेजारच्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोच माणूस सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. मागे तातेराव बसले होते. ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. लोकांनी त्यांना वाट करून दिली.

मग गलका झाला. कोणी म्हणालं बोअर बुजवा, कोणी म्हणालं ह्या कॉलेजवाल्यांना काय कळतं. चांगुणाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "तिनं सोताच्या घराचं सांगितलं. खोटं सांगायचं आसतं तर दुसऱ्याचं सांगितलं आसतं." त्यावर गलका थोडा बसला.

पुढचे पाच दिवस घरात ताटं वाढली जात होती आणि जेवली जात होती, बाकी काही नाही. सहाव्या दिवशी उजाडताना दैवशाला विहिरीवर गेली तर तातेराव आधीच काठाशी उभे होते.

"टेप दे."

तिने दिला. त्यांनी स्वतः नट खाली सोडला. हाताला लागल्यावर थांबले, आकडा वाचायला चष्मा नव्हता म्हणून टेप तिच्यापुढे धरला. तिने वाचला. "फ्यूज माझ्या खिशात हाय," ते म्हणाले. "दोन दिवसांनी परत मोजू. पुंजारामला सांगू नको."

आठ दिवस त्यांनी स्वतः मोजलं. दोन दिवस बंद, दोन दिवस चालू. रोज काठावरून वाकून विहिरीत पाहायचे, जणू ती भेग दिसते का ते शोधत होते. आठव्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसून दैवशालाला हाक मारली. "बोल. काय करायचं?"

दैवशालाने वनस्पतीशास्त्राच्या सरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. "आंबे बहार सोडायचा, मामा. पुढच्या सालापासून पावसाच्या तोंडावर फुलणारा मृग बहार धरायचा. मृगाला एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण द्यावाच लागतो, म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाणीच नको. विहिरीला जेव्हा पाहिजे तेव्हा आपला बोअर बंद."

"आन् पाऊस लांबला तर? मृग पावसावर हाय. आंबे बहाराला पाणी आपल्या हातात असतं."

"लांबला तर नुकसान होईल," ती म्हणाली. "होणार न्हाई असं मी सांगणार न्हाई."

तातेरावांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग म्हणाले, "अर्धी बाग. आधी अर्धी बाग करून पाहू." आणि थांबून, "चहा टाक."

त्या साली फळं धरलेली होती, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस बोअर चालवला. झाडांखाली सोयाबीनच्या भुशाचा जाड थर दिला. फळं बरीच गळाली. गावविहीर मात्र मार्चऐवजी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकली. पुढच्या वर्षी मृगासाठी अर्ध्या बागेचं पाणी तोडलं, आणि पाऊस खरंच अठरा दिवस लांबला. तातेराव रोज आभाळाकडे आणि मग सुनेकडे बघायचे. बहार हलका आला, पण आला. त्या उन्हाळ्यात टँकर तीनच आठवडे लागला. आधी तीन महिने लागायचा. तिसऱ्या वर्षी तातेरावांनी उरलेली अर्धी बागही मृगावर नेली, कोणी न सांगता.

दैवशाला पदवी पास झाली, वर्गात चौथी. निकालाच्या दिवशी शिखाच्या वडिलांनी दुकानावर पेढे ठेवले होते. शिखा पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली. ह्या वेळी नवलकिशोरांनीच तिला गाडीत बसवून दिलं. कॉलेजात कोर्स अजून चालतो. यंदा एकवीस पोरं आहेत, खोली मात्र तीच. दैवशालाला आठवड्यातून दोन दिवस शिवारातलं मोजमाप शिकवायला बोलावतात. ती बोलताना अजून रसायनशास्त्राचं नाव आलं की कपाळाला आठी पाडते. पोरं तिला मॅडम म्हणतात. तिला ते आवडत नाही, पण काकी म्हणू नका एवढं तिने बजावलंय.

गेल्या डिसेंबरात शेजारच्या गावाहून सोनूबाई नावाची ग्रामपंचायत सदस्य तिला भेटायला आली. त्यांच्या गावातही विहिरीवरून भांडण पेटलं होतं, दोन घरांत काठ्या निघाल्या होत्या. "तुम्ही या आन् सांगा कोणाचा बोअर हाय ते," सोनूबाई म्हणाली. "तुमचं लोक ऐकतील."

"मला काय माहीत कोणाचा हाय," दैवशाला म्हणाली. "किती विहिरी तुमच्या शिवारात?"

"असतील तीस-पस्तीस. मोजल्या न्हाई."

"मंग मोजू. पण वर्ष लागंल. वर्षभर कोणाचं नाव घ्यायचं न्हाई, कबूल असंल तर सोमवारी येते."

सोनूबाई थोडी हिरमुसली. तिला उत्तर त्याच आठवड्यात पाहिजे होतं. पण उठताना ती म्हणाली, "या मंग सोमवारी."

सोमवारी दैवशाला गेली. पुंजारामने तिला वेशीवर सोडलं आणि तो परत फिरला. पहिली विहीर शाळेच्या मागे होती. तिने गावातल्या तीन बायकांना काठाशी उभं केलं, टेपला नट कसा बांधायचा ते दाखवलं, आणि टेप त्यातल्या सगळ्यात बुजऱ्या बाईच्या हातात दिला.